अकरा नंबरची जर्सी

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर गोल मारणारा पोरगा आपल्याच गल्लीतला, म्हणून सगळी पेठ त्याच्यावर जीव टाकते. अशा गावात वाढल्यामुळे देशाचा संघ मला उशिराच भेटला आणि तो भेटला सुनील छेत्रीमुळे.

ऑगस्ट २००८. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपचा अंतिम सामना. छेत्रीने ताजिकिस्तानवर तीन गोल चढवले आणि भारत ४-१ ने जिंकला. १९८४ नंतर प्रथमच आपण आशिया चषकासाठी पात्र ठरलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. पेपरात ती बातमी शोधून काढावी लागली.

पुढे नोकरीसाठी मुंबईला आलो. जून २०१८ मध्ये अंधेरीत त्याने चायनीज तैपेईविरुद्ध हॅटट्रिक केली, तेव्हा स्टेडियममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं होती. त्याने व्हिडिओतून लोकांना कळकळीने सांगितलं: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धचा पुढचा सामना त्याचा शंभरावा. धो धो पावसात स्टेडियम खचाखच भरलं होतं. त्या गर्दीत मीही होतो. त्याने दोन गोल केले.

त्याची उंची बेताची, अंगकाठी साधीच. बलस्थान म्हणजे वेळेचं भान. २०१९ च्या आशिया चषकातला थायलंडविरुद्धचा त्याचा दुसरा गोल मी कितीदा तरी पाहिलाय. उजवीकडून उदांता सिंगचा चेंडू येतो, आशिक कुरुनियन तो हलकेच मागे सोडतो आणि धावत आलेला छेत्री चेंडू न अडवता थेट जाळ्यात धाडतो. सगळे चेंडूकडे बघत असतात. तो मात्र रिकाम्या जागेकडे निघालेला असतो.

त्याचे बरेच गोल दुबळ्या संघांविरुद्धचे, असं म्हणणारे भेटतात. पण ते सामनेही कुणीतरी जिंकून द्यावे लागतात आणि ते काम त्याने जवळपास दोन दशकं केलं. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो निवृत्त झाला, तेव्हा नावावर ९४ गोल होते. सामना मात्र गोलशून्य सुटला. मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला पुन्हा बोलावावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्याने ९५ वा गोल केला. मला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त काळजी.

कारण उघड आहे. आपले क्लब गोल मारायची जबाबदारी वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंवर टाकत आले. खुद्द छेत्रीला बेंगळुरूकडून अनेकदा डाव्या बगलेवर खेळावं लागलं. गोलसमोर उभं राहून चुकायची, पुन्हा मारायची संधी भारतीय पोरांना मिळणार तरी कधी? छेत्रीच्या नावाने स्टँड उभारा, पुरस्कार द्या, जरूर द्या. पण त्याचा खरा मान राखायचा असेल, तर आपल्या पोरांना मधल्या आघाडीवर खेळवा आणि दोन-चार सामने कोरडे गेले तरी बाहेर बसवू नका.