मी राऊटरच्या बाजूचा झालो

जुन्या उपकरणाला नव्याने सांभाळून घ्यावं, असं माझं ठाम मत होतं. हातात धरून खेळायच्या गेमला घरचं वायफाय लागत नसेल, तर राऊटर आडमुठा आहे. त्याची सेटिंग्ज सैल करा, काम झालं. हे मत मी वर्षानुवर्षं नातेवाइकांच्या घरी जाऊन अमलातही आणलं. आज मी राऊटरच्या बाजूचा आहे.

ते जुनं मत पक्कं झालं भाच्याच्या निन्टेंडो डीएस लाइटमुळे. हे २००६ चं मॉडेल. त्याला २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय चालतं, तेही ८०२.११बी या जुन्या प्रकारातलं. आणि पासवर्डसाठी फक्त डब्ल्यूईपी ही पद्धत. ताईच्या राऊटरवर तिच्यानंतरची डब्ल्यूपीए२ पद्धत होती. त्यामुळे डीएसला राऊटर दिसायचा, सिग्नल भरपूर असायचा, पण जोडणी काही व्हायची नाही. मंडळी राऊटर कपाटावर चढवायची, बंद करून चालू करायची, गेम घेऊन त्याला चिकटून बसायची. अडचण अंतराची नव्हतीच. मी जायचो, राऊटर डब्ल्यूईपीवर आणायचो, ‘बी’ प्रकार चालू करायचो, की मारिओ कार्टमध्ये भाच्याची शर्यत कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांशी लागायची. मामाचा भाव वधारायचा.

सुरक्षिततेचं कोणी विचारलं, तर उत्तर तयार असायचं: आपल्या वायफायमध्ये घुसून कोणाला काय मिळणार? शिवाय वायफायचं नाव लपवायचं आणि ठरावीक उपकरणांनाच, त्यांच्या मॅक पत्त्यावरून ओळखून, आत घ्यायचं. झाला बंदोबस्त.

डब्ल्यूईपी आतून कशी चालते हे वाचलं, तेव्हा हे मत हललं. प्रत्येक पॅकेटची किल्ली वेगळी असावी म्हणून ती पासवर्डला २४ बिटांचा एक आकडा जोडते. असे आकडे सुमारे १ कोटी ६८ लाख. ऐकायला पुष्कळ, पण वर्दळीच्या वायफायवर तेच तेच पुन्हा येऊ लागतात, आणि जातातही हवेतून उघडेच. या रचनेतली चीर फ्लुरर, मँटिन आणि शमीर या अभ्यासकांनी २००१ मध्येच दाखवली होती. २००७ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी १०४ बिटांची किल्ली मिनिटाच्या आत काढली. मॅक पत्तेही पॅकेटवर उघडेच असतात. ऐकणाऱ्याने त्यातला एक उचलून आपल्या लॅपटॉपला लावायचा, बस्स. माझा बंदोबस्त नावापुरता होता.

‘काय मिळणार’चं उत्तर ताईच्या घरानेच दिलं. पूर्वी त्या राऊटरवर एकच संगणक असायचा. मग ताईचं ऑफिसचं काम आलं, भावोजींचे बँकेचे व्यवहार आले, प्रिंटर आला, दारावरचा कॅमेरा आला. बँकेचं अ‍ॅप स्वतःचं कुलूप घेऊन फिरतं, हे खरं. प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा तसा भरवसा नसतो. डब्ल्यूईपी एका डीएसपुरती लावता येत नाही, त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना ती लागते. तासाभराच्या शर्यतीसाठी सगळ्या घराने काय पणाला लावायचं, हे ठरवायचा अधिकार मामाला कुठून आला?

पुढे २० मे २०१४ रोजी निन्टेंडोने डीएसची ऑनलाइन सेवा बंद केली. चाहत्यांच्या विमफी सर्व्हरवर, डीएनएसचे आकडे बदलून, काही गेम त्यानंतरही चालत राहिले. अशी खटपट करणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. मात्र कोणी सल्ला विचारला, तर घरच्या मुख्य नेटवर्कला हात लावू नका, असं सांगतो. पाहुण्यांसाठीचं नेटवर्क बाकी उपकरणांपासून पूर्ण तोडून ठेवता येत असेल, तर खेळापुरतं ते उघडावं आणि लगेच बंद करावं. फोनचा हॉटस्पॉट कधी चालतो, कधी त्यात ‘बी’ प्रकारच नसतो. आणि चार मित्रांकडे डीएस असतील, तर राऊटर हवाच कशाला? मारिओ कार्टच्या एका कार्ट्रिजवर आठ जण समोरासमोर बसून बिनतारी खेळू शकतात. त्यात आरडाओरडाही जास्त होतो.

भाच्याला हे पटलेलं नाही. मामा म्हातारा झाला, असं त्याचं म्हणणं. झालो असेन. पण आता तो स्वतःच्या घरात राहतो, तिथल्या राऊटरवर डब्ल्यूपीए३ आहे, आणि ते त्यानेच लावलंय.