दुखत नाही म्हणून गप्प बसू नका!

अंगावर दुखणे काढणे ही आपल्या बायाबापड्यांची जुनी सवय. ताप असला तरी भाकरी थापायची, कंबर धरली तरी धुणे आपटायचे. जे दुखते त्याचीच जिथे दाद नाही, तिथे जे दुखत नाही त्याची दाद कोण घेणार? स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. वाटाण्याएवढी असते, पुढे सुपारीएवढी होते, तरी बाईच्या कामात खंड पडत नाही. म्हणून ती तशीच राहते आणि राहते म्हणूनच जीव घेते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही पाच जणी आहोत. एक अंगणवाडी सेविका, एक सफाई कामगार, दोघी घरकाम करणाऱ्या आणि एक कारकून. कारकून बाई बी.कॉम. झालेली आणि वस्तीच्या कामात आधीपासून असलेली, म्हणून लिहिण्याचे काम सर्वांनी तिच्यावर टाकले. पाचही जणींचे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे. सर्वांत जुने २००९ सालचे, सर्वांत अलीकडचे २०१९ सालचे. आज आम्ही पाचही जणी कामावर जातो.

आमच्यात आणखी एक होती. केमोच्या रांगेत तिची आमची ओळख झाली. तिचे नाव येथे देत नाही, तिची मुले अजून शिकत आहेत. आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. जावेला सांगितले, जावेने पाला बांधायला सांगितला. मग ती एका डॉक्टरकडे गेली. त्याने हात न लावताच "दुधाची गाठ असेल, जाईल आपोआप" म्हणत गोळ्या लिहून दिल्या. धाकटे मूल पाच वर्षांचे, दूध केव्हाच तुटलेले. पण डॉक्टरला उलट विचारायचे कसे? पुढे दिराचे लग्न आले, मुलांच्या फिया आल्या. अकरा महिने गेले. गाठ फुटून वास येऊ लागला तेव्हा नवऱ्याला कळले. उपचार झाले, पण कॅन्सर हाडांत पोहोचला होता. २०१७ साली ती गेली.

जाण्यापूर्वी तिने आमच्याकडे एकच काम सोपवले, "माझ्या दोन्ही जावांना तपासून आणा." आम्ही त्या दोघींना घेऊन गेलो. एकीला काही नव्हते. दुसरीला गाठ होती, पण ती साधी निघाली. त्या दिवसापासून आमचे हे काम सुरू झाले. तेव्हा आम्ही चौघी होतो.

भगिनींनो, हा आजार श्रीमंतांचा, अशी एक समजूत आपल्यात आहे. ती मनातून काढून टाका. आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. इतक्या जणी जातात याचे एक मोठे कारण म्हणजे आपण उशिरा पोहोचतो. गाठ लहान असताना, काखेत आणि इतर अवयवांत पसरण्यापूर्वी उपचार झाले, तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात.

लवकर तपासणीसाठी महागडी यंत्रेच लागतात, असेही नाही. याचा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, अशा चार फेऱ्या झाल्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या आपल्यासारख्याच बायांना प्रशिक्षण देऊन हे काम दिले होते. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर झालेल्या दर शंभर जणींपैकी ३७ जणींचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडला, दुसऱ्या गटात ४७ जणींचा. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण शिकवलेल्या हाताची किंमत काय असते, ते या वस्त्यांनी जगाला दाखवून दिले.

मग घरच्या घरी स्वतः तपासले तर पुरे नाही का? हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. चीनमधील शांघाय शहरात कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजारांहून अधिक कामगार स्त्रियांवर हाच अभ्यास झाला. निम्म्या जणींना स्वतः तपासायला नीट शिकवले. २००२ साली निष्कर्ष आला. दोन्ही गटांतील मृत्यूंत फरक नव्हता. म्हणून आम्ही सांगतो, आपले अंग ओळखा, बदल दिसला तर लपवू नका; पण "मी घरी पाहिले, काही नाही" म्हणून तपासणी टाळू नका. सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या स्त्रियांची आरोग्य केंद्रावर हाताने स्तनतपासणी होते. तेथे गर्दी असते, कधी "पुन्हा या" म्हणतात. पुन्हा जा. दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे परत पाठवणे त्यांनाही जड जाते.

खुणा पाठ करून ठेवा. स्तनात किंवा काखेत गाठ, मग ती दुखो वा न दुखो. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे. बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे. एका स्तनाचा आकार अचानक बदलणे. बऱ्या न होणाऱ्या जखमा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही लक्षात ठेवा. पण ते ठरवणे जावेचे, शेजारणीचे किंवा आमचेही काम नव्हे. हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपासणे, या तिन्हींवरून ते ठरते. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे. आम्हा पाचही जणींना सुई लागली आहे.

उपचारांचेही भय फार. स्तन दरवेळी पूर्ण काढावाच लागतो असे नाही. गाठ लहान असेल तर बहुधा तेवढाच भाग काढून, रेडिएशन देऊन भागते. त्याला आपल्या बाया 'लाईट' म्हणतात. केमोत केस जातात, पण पुन्हा येतात. आमच्यातल्या एकीचे आधी सरळ होते, ते कुरळे आले. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, म्हणून शिकवलेला व्यायाम सोडायचा नाही. ज्यांचा स्तन काढला आहे त्या आमच्यातल्या तिघी झंपरात कापसाची गादी शिवून घालतात. ती पहिली गादी सफाई कामगार ताईने स्वतः शिवली, नंतर आम्हाला शिकवली. साडीचा पदर आता आम्ही पूर्वीसारखाच घेतो.

पैशाचे काय? कारकून बाईला हिशेबाची सवय, म्हणून तिने आमचा हिशेब मांडला. लवकर गेली तिचे काही महिन्यांत भागले. उशिरा गेली तिचे औषध वर्ष-दीड वर्ष चालले. नवऱ्याचे खाडे झाले, मुलीची शाळा सुटली, शेवटी मंगळसूत्र गहाण पडले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात जा आणि तेथील आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरण्याआधी भेटा. कामगार विमा असेल त्यांना दवाखान्याबरोबर आजारपणाची भरपाईही मिळते, आणि कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात तिची मुदत वाढते. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

सर्वांत अवघड गाठ मात्र मनातली. आम्ही सभा घेतो तेव्हा 'स्तन' हा शब्द उच्चारला की मागच्या रांगेत पदर तोंडाला लागतात. एकदा एका म्हाताऱ्या आजीने आम्हाला दरडावले, "बायांनो, चारचौघांत हे काय बोलता?" आमच्यातली एक म्हणाली, "आजी, चारचौघांत बोललो नाही म्हणून एक मैत्रीण चारचौघांच्या खांद्यावरून गेली." आजी गप्प झाली. शेवटी तपासणीला नाव देणारी पहिली तीच.

दुसरी भीती मुलींच्या लग्नाची. आमच्यातली एक आजही सभेत आपले ऑपरेशन झाल्याचे सांगत नाही. तिची मुलगी लग्नाची आहे. घरात कॅन्सर म्हटल्यावर स्थळ येणार नाही, असे तिला वाटते. आम्ही तिला दोष देत नाही. पण समाजाला विचारतो, ही भीती घातली कोणी? हा आजार शिवल्याने होत नाही. आनुवंशिक दोषामुळे होणाऱ्या केसेस शंभरात पाच ते दहाच. ज्या घरात आई, बहीण किंवा मावशीला तो झाला आहे, त्या घरच्या मुलींनी लवकर आणि नियमित तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. मुलगी नाकारावी असा नव्हे.

बंधूंनो, तुम्हीही हे पान उलटू नका. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, क्वचित होतो पण होतो. आणि बाईचा वेळ तुमच्या हातात असतो. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने केमोच्या सहा महिन्यांत रोज सकाळी पाणी भरले, मुलांचे डबे केले. शेजारी हसले. तो म्हणाला, "हसा, पण तुमच्या मालकिणींना तपासून आणा."

२०१९ साली समाजमंदिरातील सभा संपल्यावर एक बाई मागे रेंगाळली. सभेत सर्वांत जास्त हसत होती ती. चपला घालता घालता हळूच म्हणाली, "ताई, मला पण आहे. दुखत नाही." दुसऱ्या दिवशी दोघींनी रजा टाकली आणि तिला घेऊन गेलो. पहिला टप्पा निघाला. स्तन काढावा लागला नाही. तीच आमची पाचवी. आता सभेत मागच्या रांगेत जाऊन बसते. कोण जास्त हसते आहे, तिकडे तिचे लक्ष असते.

तुमच्या चाळीत, तुमच्या वस्तीत अशी एखादी हसणारी असेल. तिला विचारा. तिने काही सांगितले तर पाला सुचवू नका, दुसऱ्या दिवशीची रजा टाका आणि तिच्याबरोबर जा.