चेहऱ्याकडे पाहताना

अर्धांगवायूच्या झटक्याने पत्नीच्या ओठांची डावी बाजू उतरली, तेव्हापासून मी तिच्याकडे पाहणे टाळू लागलो होतो. औषधे वेळेवर देत होतो, तिचा डावा हात सांगितल्याप्रमाणे हलवून घेत होतो. बोलताना मात्र माझी नजर तिच्या खांद्यावरून अंगणातल्या तुळशीकडे जाई. हे तिच्या ध्यानात आले नसावे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

नामपूरच्या आमच्या घरात दुपारी ती निजली की दोन तास मोकळे मिळत. त्या वेळात मी सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ची नक्कल करू लागलो. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे हे जलरंगचित्र १९४५-४६च्या सुमाराचे. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे मानतात. मीही कित्येक वर्षे तसेच मानत होतो.

छापील प्रतीवर आणि कोऱ्या कागदावर पेन्सिलीने सारख्या चौकटी आखल्या. पहिला चेहरा फसला, कारण समोरचा चेहरा सोडून मी मनातलाच काढत होतो. मग दोन्ही कागद उलटे फिरवले. नाक, ओठ ही नावेच गळून पडली; उरले उजेडाचे आणि सावलीचे आकार. दिव्यावर धरलेल्या तिच्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो, तो मला फार दिवस साधेना. जलरंगात असा उजेड वरून लावता येत नाही. तेवढा कागद आधीपासूनच राखावा लागतो. हात थरथरतो, म्हणून उजव्या मनगटाखाली डावी मूठ ठेवत असे. तरीही सहा कागद वाया गेले.

सातवा कागद वाळत असताना मागून आवाज आला. ती जागीच होती.

“तिचं झालं असेल,” शब्द जुळवत ती म्हणाली, “तर आता माझं काढा.”

तक्क्याला टेकवून तिला बसवले. या वेळी चौकटी नव्हत्या, नुसती पेन्सिल होती. जवळजवळ पाऊण तास मी तिच्याकडे पाहिले. डावा गाल सैल होता, त्या बाजूची नाकाजवळची घडी पुसट झाली होती. डोळे मात्र पूर्वीचेच, माझी चूक पकडणारे.

कागद तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ पाहत राहिली, मग उजव्या हाताचे बोट चित्रातल्या ओठांवर टेकवून म्हणाली,

“हे सरळ का काढलंत?”

मी खोडरबर शोधू लागलो.