लाल दोऱ्याचा नंबर

जून लागला की आमच्या पाचगणीत ट्रंका येतात. पसरणीचा घाट चढून आलेल्या गाड्यांच्या टपांवरून उतरतात; काळ्या, हिरव्या, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव. माझी आई एका शाळेच्या धोबीखान्यात आहे. मुलं पोचली की तिचं पहिलं काम म्हणजे नंबर घालायचे. मोज्याच्या काठाला, कॉलरच्या आत, टॉवेलच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडे. लहानपणी मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे. 142 दुबईचा, 87 नैरोबीची. पहिले काही दिवस पोरं रात्री रडतात, आई सांगायची. उशांचे अभ्रे तिच्याच हाताखालून जात. तरी मला त्या आकड्यांचा हेवा वाटे. माझ्या कपड्यांना कधी नंबर लागला नाही. ते हरवणार कुठे?

गावच असं, आल्यागेल्यांचं. पावसाळ्यात महाबळेश्वरी राहणं साहेबांना झेपेना, म्हणून 1860 च्या दशकात जॉन चेसनने ते वसवलं. रस्त्याकडेचे सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले. झांजिबारहून फारुख बलसारा नावाचा लहानगा इथल्या सेंट पीटर्समध्ये आला, पियानो शिकला, मित्रांबरोबर बँड काढला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याचेही कपडे कुणीतरी धुतले असतील. मी त्या बाईचा फार विचार करते. आमच्या रानातली स्ट्रॉबेरीसुद्धा पहाटे तोडली की रात्री मुंबईच्या वाटेला लागते. डबीत भरताना बोटं लाल होतात, आणि मनात येतं, उद्या ही समुद्राच्या गावात असेल.

चुलती म्हणते, "लोक पैसं मोजून येत्यात हितं हवा खायला, अन् तुला जायचंय?"

जायचंय. गावावर राग नाही माझा. संध्याकाळी सिडनी पॉइंटवर बसलं की खाली कृष्णेचं खोरं निळं होत जातं, धोम धरणाचं पाणी शेवटपर्यंत उजेड धरून राहतं, मग वाईचे दिवे लागतात. हे सगळं मला छातीत भरून न्यायचंय. पण मला असा एक रस्ता हवाय, जिथे "कुणाची गं तू?" असं कुणी विचारणार नाही. रात्री नऊला खोलीवर परतावं, कुलूप माझ्या हाताने उघडावं, दिवा मी लावावा. घाटात उतरणाऱ्या एसटीचा आवाज वळणावळणाने बारीक होत जातो. तो पार विरेपर्यंत मी उठत नाही.

परवा पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरला. आई काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर माझा नवा टॉवेल मांडीवर घेऊन बसली. डोळ्यांना आता दिसत नाही, म्हणून सुई माझ्याकडे दिली. मी दोरा ओवला, लाल. कोपरा दुमडून तिने बोटाने सारखा केला आणि विचारलं,

"काय नंबर घालू?"