मुल्ज़िम म्हणजे मुजरिम नव्हे

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही विषयांच्या तासाला एक फरक हमखास सांगतो. ज्याच्यावर आरोप आहे तो मुल्ज़िम. ज्याच्यावर तो शाबीत झाला तो मुजरिम. मराठीत आरोपी आणि गुन्हेगार. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात. गेल्या वर्षी हाच फरक मला आमच्या मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना समजावत फिरावं लागलं.

माझ्या आपाचा मुलगा शारजात एका गोदामात स्टोअरकीपर होता. मालाचा हिशेब जुळला नाही, कंपनीने तक्रार केली आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं. दोन दिवसांनी त्याच्या खोलीतल्या मित्राने एका अरबी कागदाचा फोटो पाठवला. "मामू उर्दू शिकवतात, ते वाचतील," म्हणून सगळे माझ्याभोवती जमले.

लिपी ओळखीची, शब्दही ओळखीचे वाटतात, आणि फसगत तिथेच होते. अरबीत कोर्टाच्या सुनावणीला 'जलसा' म्हणतात. आपल्याकडे जलसा म्हणजे गाणंबजावणं. आरोपीला तिथे 'मुत्तहम' म्हणतात. आपला 'मुल्ज़िम' अरबीत गेला की त्याचा आरोपाशी संबंधच उरत नाही. म्हणून मी अंदाजाने काही सांगितलं नाही. कायदेशीर अनुवादकाकडून भाषांतर करून घेऊ, एवढंच म्हणालो. पण एका शब्दाला भाषांतर लागलं नाही. आरोप होता 'खियानतुल अमाना', अमानतीत खयानत. आपा तो ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "हुजूरना मक्केचे लोक अल-अमीन म्हणायचे, हे मीच त्याला लहानपणी सांगितलं होतं रे."

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. "काहीतरी केलं असणारच, उगाच कोण धरतं?" आपल्याकडे पेपरात एखाद्या मुसलमान पोराचं नाव आरोपी म्हणून आलं, की आपण म्हणतो, आधी खटला चालू द्या, आताच गुन्हेगार ठरवू नका. बरोबरच म्हणतो. मग आपल्याच गल्लीतल्या पोराच्या वेळी ही मागणी कुठे जाते?

तो निर्दोष आहे अशी कसम मीही खाल्ली नाही. मी त्या गोदामात नव्हतो. पण त्याला वकील मिळावा, त्याचं म्हणणं त्याला समजणाऱ्या भाषेत ऐकलं जावं आणि आपण एकटे नाही हे त्याला कळावं, यासाठी तो निर्दोष असल्याची खात्री लागत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ तेच सांगतं. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये पाकिस्तानला याच कलमाच्या भंगाबद्दल दोषी धरलं. शारजाचा कारभार दुबईतल्या भारतीय वकिलातीकडे आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर २०१५ पासून घरबसल्या तक्रार नोंदवता येते. ती नोंदवली आणि तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. वकिलात माणसाला भेटते, खुशाली कळवते, वकिलांची यादी देते. पण ती त्याला सोडवून आणू शकत नाही, तिथल्या कोर्टात त्याची बाजूही मांडत नाही. हे आपाला दोनदा सांगावं लागलं. गरजूंना कायदेशीर मदतीसाठी सरकारचा इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड २००९ पासून आहे. त्याचाही अर्ज वकिलातीमार्फतच जातो.

याच काळात 'ओळख आहे, पैसे द्या, आठवड्यात सोडवतो' म्हणणारेही भेटले. त्यांना एक रुपया दिला नाही. पगारपत्रक, नेमणुकीचं पत्र, मालाच्या पावत्यांचे फोटो तारखेवार लावून वकिलाला पाठवले. आपा तहज्जुदला उठून दुवा मागायची, मी सकाळी कागद स्कॅन करायचो. दोन्ही कामं चालू राहिली.

सध्या तो जामिनावर बाहेर आहे. पासपोर्ट जमा आहे, त्यामुळे देश सोडता येत नाही. खटला चालू आहे. जुम्याच्या नमाजनंतर त्याचा फोन येतो. पहिली दोन मिनिटं तो फक्त अम्मी जेवली का, तिची गोळी घेतली का, एवढंच विचारतो.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर तिथे जाऊन "त्याने नक्की केलं काय?" असं विचारू नका. "पुढची तारीख कधी आहे?" एवढं विचारा. आपाला असं विचारणारी दोनच माणसं भेटली, आणि त्या दोघांची नावं ती रोज दुवेत घेते.