पितळ, पोलाद आणि अडकलेली पुंगळी

धागा थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने गेल्या आठवड्यात विचारले : ‘जुनी मोसिन-नागान रायफल विकत घेतली आहे. पोलादी पुंगळीची काडतुसे स्वस्त मिळतात, पितळी महाग. मित्र म्हणतात, पोलादाने रायफल खराब होईल. काय करावे?’ मी इतिहासाची विद्यार्थिनी. रायफलीशी माझा संबंध संग्रहालयाच्या काचेपलीकडे गेलेला नाही. पण हा प्रश्न मी सोडू शकले नाही, कारण तो बाजारभावाचा वाटला तरी त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत.

आधी पुंगळीचे काम समजून घेऊ. चाप ओढला की आतली दारू पेटते आणि वायूच्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे, येत नाही. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो आणि पुंगळीने पुन्हा किंचित आकसावे लागते. नाहीतर ती बाहेर निघत नाही. म्हणजे एकाच धातूकडून क्षणभरात दोन उलट अपेक्षा : आधी फुगणे, मग मागे सरणे. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ हे दोन्ही उत्तम करते. ते पोलादापेक्षा जास्त लवचिक असल्यामुळे ताणले जाऊनही चांगले मागे येते. साधे मऊ पोलाद फुगते, पण तितके मागे सरत नाही.

आता १८८५ च्या जानेवारीत, सुदानच्या वाळवंटात जाऊ. खार्टूममध्ये वेढलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठी निघालेल्या ब्रिटिश तुकडीवर १७ जानेवारीला अबू क्ली येथे महदीच्या सैन्याने हल्ला केला. ब्रिटिशांचा चौकोनी व्यूह फुटला, प्रसिद्ध प्रवासी आणि घोडदळातील अधिकारी फ्रेड बर्नाबी मारला गेला आणि अवघ्या काही मिनिटांत त्या बाजूचे सत्तरहून अधिक लोक ठार झाले. महदीच्या बाजूचे मृत त्याहून कितीतरी अधिक होते. त्या धुमश्चक्रीत गार्डनर तोफबंदूक बंद पडली आणि अनेकांच्या मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या. भाले समोर येऊन ठेपलेले आणि चेंबरमध्ये रिकामी पुंगळी रुतून बसलेली.

गंमत अशी की या काडतुसात पितळ आणि लोखंड दोन्ही होते. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी रचलेल्या या पुंगळीचे अंग म्हणजे पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी, आणि बूड लोखंडी चकतीचे. सतत गोळीबाराने नळी तापली, काळ्या दारूची काजळी साचली, वर वाळू, की गुंडाळी चेंबरला धरून बसे. खटका ओढताच रायफलीचा आकडा लोखंडी बूड तेवढे ओढून काढी आणि पितळी नळकांडे आतच राही. मग सैनिकाने काय करायचे? नळीत गज घालून ठोकायचे, जमल्यास. पुढे अखंड ओढीव पितळाच्या पुंगळ्या आल्या आणि ही तक्रार बरीच मिटली. म्हणजे रायफल तीच राहिली, पुंगळी तेवढी बदलली.

इथे जरा थांबते. आपल्याकडे इतिहासावर बोलताना पराभव भ्याडपणाच्या किंवा फितुरीच्या खात्यावर टाकायचा आणि विजय शौर्याच्या, अशी एक सवय आहे. मैवंदचेच पाहा. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात ब्रिटिशांचा मोठा पराभव झाला, त्या लढाईत मुंबई लष्कराच्या दोन देशी पलटणी होत्या : पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स. शेजारच्या गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हातात मार्टिनी-हेन्री होती; देशी शिपायांच्या हातात मात्र आधीच्या पिढीची स्नायडर. १८५७ नंतर हिंदी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी जुनेच हत्यार द्यायचे, हे इंग्रजांचे धोरण होते. पराभवाला अनेक कारणे होती; शत्रूचे संख्याबळ आणि त्याच्या तोफा ही त्यांतली मोठी. पण फळी आधी कुठे मोडली, यावर बोलणाऱ्याने कोणाच्या हातात काय दिले होते हे आधी सांगावे, असे मला ठामपणे वाटते. माझ्या अभ्यासाची सगळी खटपट यासाठीच आहे.

पितळ चांगले, तर पोलाद आलेच कशाला? तांब्याच्या टंचाईमुळे. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीने चर्चच्या घंटा उतरवल्या, घराघरातली तांब्याची भांडी गोळा केली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रायफलींची काडतुसे मोठ्या प्रमाणावर लाखेसारखा लेप दिलेल्या पोलादी पुंगळ्यांची होती. अमेरिकेनेही इव्हान्सव्हिल येथे, क्रायस्लर या मोटार कंपनीकडून, पिस्तुलाची पोलादी काडतुसे करून घेतली. सोव्हिएत संघाने तर ही तडजोड कायमची रीतच करून टाकली आणि पुढची हत्यारे तिच्याभोवती बेतली. कलाश्निकोव्हचे काडतूस हातात घेतले तर ते पुढे स्पष्ट निमुळते होत गेलेले दिसेल. निमुळती वस्तू थोडी जरी मागे सरकली की सगळीकडून सुटते, त्यामुळे धातू कमी आकसला तरी चालते. मला हे फार देखणे उत्तर वाटते.

पितळालाही पापे आहेत, आणि त्यातले सर्वांत मोठे आपल्या पावसाळ्यात उघड झाले. ब्रिटिश लष्कराची हिंदुस्थानातील पितळी काडतुसे पावसाळ्यात, साठवणीत पडल्या पडल्या, चिरू लागली. गोळी न झाडता पुंगळीच्या मानेला तडा! ही काडतुसे तबेल्यांच्या आसपास ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड स्थितीत ओढल्यामुळे पितळात कोंडून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून धातू फोडला. याचा नीट उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये केला. उपाय सोपा निघाला : घडवून झालेली पुंगळी हलकी तापवायची, म्हणजे ताण निघून जातो.

पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला यातले निम्मे कोणी शिकवायला नको होते. ठोकून ठोकून तांबे कडक होते, मठारकामाने भांड्याला बळ येते, आणि पुढे घडवायचे तर मध्येच भट्टीत लाल करून नरम करावे लागते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथून काही किलोमीटरवर खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे दिसली तर ती खडकीचीच.

आता मूळ प्रश्नाकडे. मोसिन-नागान १८९१ ची. तिचे काडतूस जन्मले पितळी. पण सोव्हिएत काळात तिने पोलादी पुंगळ्याही अमाप झाडल्या. ते काडतूस बऱ्यापैकी निमुळते आहे, आणि आकड्याला धरायला त्याच्या बुडाला रुंद काठ आहे. तेव्हा या रायफलीला पोलाद परके नाही. ‘लेप वितळून चेंबरला चिकटतो’ ही तक्रार सर्रास ऐकू येते, पण बहुतेक वेळा गुन्हेगार निराळाच असतो : कोठारात ठेवताना रायफलीला फासलेले दाट ग्रीस चेंबरच्या कोपऱ्यात राहते, चार-दोन फैरींनी तापते आणि चिकट होते. ते आधी पूर्ण काढा. नळीच्या झिजेचा आळही पुंगळीवर येतो. खरे तर नळीला घासते ती गोळी, पुंगळी नव्हे. गोळीचे आवरण पोलादी असेल तर फरक पडतो, आणि तो लोहचुंबक लावून कळतो. एवढे करूनही बोल्ट अडत असेल तर चेंबर खडबडीत झालेला आहे. तेव्हा पितळच घ्या, आणि जाणत्या कारागिराला रायफल दाखवा.

पण तुमच्याजवळ मोसिनऐवजी थ्री-नॉट-थ्री किंवा मार्टिनी असती, तर मी किमतीचा विचारही करू दिला नसता. त्या रायफली पितळासाठी घडल्या. त्यांना पितळच द्यावे. रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या असतील तरीही पितळच. त्यासाठी जे प्रायमर सोयीचे पडते, आणि आज अमेरिकेत सर्वत्र चालते, ते त्याच इंग्रज बॉक्सर साहेबांच्या नावाचे. युरोपात रुळले ते अमेरिकन बर्डनच्या नावाचे.

राहिला गंज. त्याचाही दोष लोक पोलादाला देतात, पण जुन्या लष्करी साठ्यातल्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळून मागे राहणारा क्षार हवेतले पाणी ओढतो आणि पुंगळी पितळी असो वा पोलादी, नळी गंजवतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून झाडून झाल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा आणि मग तेल लावा.