घरोघरीं बुरूज

मनुस्मृतींत दुर्गांचे सहा प्रकार सांगितले असून त्यांत गिरिदुर्गास श्रेष्ठ मानिलें आहे. महाराष्ट्रांतील वाचकांस गिरिदुर्गाचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं. परंतु आमच्याकडील दुर्ग म्हणजे एक सत्ता, एक तट आणि त्याच्या आश्रयास आलेली प्रजा. जेथें गांवाभोंवतीं तट नाहीं, पण घरोघरीं बुरूज आहे, असें एक गांव आम्हीं गेल्या आषाढांत कॉकेशस पर्वतांत पाहिलें.

जॉर्जिया देशाच्या वायव्येस स्वानेती नांवाचा डोंगरी प्रांत आहे. तेथील मेस्तिया या मुख्य गांवाहून सुमारें ४५ किलोमीटरांवर, एंगुरी नदीच्या उगमाजवळ, उशगुली हा चार वाड्यांचा समूह वसलेला आहे. त्याची उंची सुमारें २,१०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराहूनही पुष्कळ अधिक. मागें श्खारा हें ५,००० मीटरांहून उंच हिमशिखर, टेकाडावर लामारियाचें जुनें देवालय, आणि खालीं काळसर दगडांचे चौकोनी बुरूज, असा देखावा दृष्टीस पडतो. या प्रदेशाचा १९९६ सालीं जागतिक वारशांत समावेश झाला.

बुरुजांपैकीं बरेचसे नवव्या ते बाराव्या शतकांतील होत. प्रत्येकास तीन ते पांच मजले असून वर जावें तसतशी भिंतीची जाडी कमी होते. बुरुजाला लागूनच दुमजली घर असतें. खालीं एकच मोठें दालन, मध्यें चूल, आणि नक्षीदार लांकडी आडभिंतीपलीकडे गुरें. हिंवाळ्यांत माणसें व जनावरें एकाच छपराखालीं राहात. वरच्या मजल्यावर वैरण व अवजारें ठेवीत. उन्हाळ्यांत माणसेंही तेथेंच निजत. याच मजल्यावरून बुरुजांत जाण्याचें दार असे. शत्रु आला कीं सारें कुटुंब बुरुजांत!

पण हा शत्रु नेहमीं परकाच असे असें नाहीं. स्वान लोकांत रक्तवैराची चाल होती. एका घराण्यांतील मनुष्य मारला गेला कीं दुसऱ्या घराण्याचा सूड घेणें हें कर्तव्य मानीत, आणि तें वैर पिढ्यान्‌पिढ्या चाले. मग बुरूज उपयोगी पडे तो शेजाऱ्यापासून रक्षणासाठीं!

नवल असें कीं, याच लोकांवर साऱ्या देशाचा विश्वास होता. सपाटीवर परचक्र आलें म्हणजे तेथील देवळांतील मूर्तिचित्रें व सोन्यारुप्याच्या वस्तु या डोंगरांत आणून ठेवीत. त्यांतील कित्येक आजही स्वानेतींत जतन केलेल्या आहेत. परक्यांची ठेव प्राणापलीकडे जपणारे हे लोक शेजाऱ्याच्या भयानें भिंती जाड करीत होते! वैर मिटे तें भिंतीमुळें नव्हे. दोन्ही पक्षांनीं निवडलेले वडीलधारे लोक मध्यस्थ होत आणि पवित्र मूर्तिचित्रासमोर शपथ घेऊन निवाडा देत. सूड थांबविण्याचें सामर्थ्य होतें तें त्या शपथेंत.

आम्ही उतरलों होतों त्या घरच्या आजीबाईंनीं वाटाड्याकरवीं विचारलें, "तुमच्या घरीं माणसें किती?"

"अकरा," आम्ही म्हणालों.

"मग तुम्हांला बुरूज हवाच!" असें म्हणून त्या हंसल्या. पुढें चीज घातलेली गरम भाकरी आमच्यापुढें ठेवीत त्या म्हणाल्या, "आमचा बुरूज आहे, पण मुलगे दोघेही तिबिलिसीला राहतात."

१९८७ सालीं हिमकडे कोसळून स्वानेतींत मोठा अनर्थ झाला, आणि अनेक कुटुंबें सपाटीवर वसविण्यांत आलीं. पुढें शिक्षणासाठीं व नोकरीसाठींही पुष्कळ तरुण बाहेर पडले. परचक्रास आणि शेजाऱ्यास अडविणारी भिंत यांतील कशालाच अडवूं शकली नाहीं. आतां प्रवाशांच्या येण्यानें कांहीं घरें पुन्हां नांदतीं झालीं आहेत. कांहीं बुरुजांवर मात्र छप्पर उरलेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या गांवाचें दर्शन विचार करावयास लावणारें आहे. घर टिकावें म्हणून आपणही कांहीं भिंती उभारतों, आणि त्यांपैकीं कांहीं भावाभावांतही असतात. त्यांची जाडी मोजण्यापेक्षां वडिलांच्या शब्दाला घरांत अजून मान आहे कीं नाहीं, हें अधूनमधून पाहिलें तर बरें. उशगुलीच्या लोकांचें रक्षण बुरुजांनीं केलें. पण त्यांना एकमेकांशेजारीं नांदवलें तें दिलेल्या शब्दानें.